आपल्या मातीचा आरसा

गेल्या काही वर्षांत मराठी मध्यमवर्गीय घरांत एक नवीच गोष्ट पाहायला मिळते. रात्रीची जेवणे आटोपली की घरातील तरुण मंडळी मल्याळम चित्रपट लावून बसतात. भाषेचा एक शब्दही कळत नाही. तळाशी धावणाऱ्या अक्षरांवरून संवादांचा अर्थ लावायचा आणि दोन-अडीच तास त्या अनोळखी माणसांच्या सुखदुःखात रमून जायचे. हळूहळू आई-वडीलही त्यांच्यासोबत बसू लागतात. इडुक्कीच्या डोंगरातील एक साधा छायाचित्रकार भररस्त्यात मार खातो आणि अपमानाची परतफेड होईपर्यंत पायांत चप्पल घालणार नाही, असा पण करतो. ‘महेशिंटे प्रतिकारम्’ (२०१६) या चित्रपटाची एवढीशी गोष्ट सोलापूरच्या रखरखीत उन्हात राहणाऱ्या माणसाला आपलीशी का वाटावी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला केरळात फार काळ थांबता येत नाही. ते उत्तर आपल्याला परत आपल्याच दाराशी आणून सोडते.

मल्याळम चित्रपटाचे बळ त्याच्या जागेत आहे. तेथे कथा आधी एका ठिकाणाची असते, मग माणसांची. ‘चेम्मीन’ (१९६५) हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा पहिला दक्षिण भारतीय चित्रपट. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या कादंबरीवर रामू करिआट यांनी तो काढला. कोळ्यांची जाळी, कर्ज काढून घेतलेली होडी आणि समुद्राला माता मानणारी त्यांची श्रद्धा यांतूनच त्याचे कथानक उलगडते. एम. टी. वासुदेवन नायर यांच्या ‘निर्माल्यम्’मध्ये (१९७३) ओस पडत चाललेल्या देवळातील देवऋषीची उपासमार आहे. सत्यन अंतिक्काड यांच्या ‘वरवेल्पु’मध्ये (१९८९) आखातातून परतलेला तरुण साठवलेल्या पैशांतून प्रवासी बस घेतो आणि कामगार संघटनांच्या आडमुठेपणापुढे सर्वस्व गमावून बसतो. त्याच दिग्दर्शकाच्या ‘संदेशम्’मध्ये (१९९१) परस्परविरोधी पक्षांत गेलेले दोन सख्खे भाऊ आहेत आणि त्यांच्या राजकारणात होरपळणारे घर आहे. यांतील एकही गोष्ट केरळबाहेर जशीच्या तशी घडू शकत नाही. आणि गंमत अशी की, म्हणूनच ती देशभर सर्वांना कळते. अनुभव जितका नेमका, तितका त्याचा पल्ला लांबचा.

हे यश आकाशातून पडलेले नाही. गावोगावी पसरलेली ग्रंथालय चळवळ, कथा-कादंबरी वाचणारा प्रेक्षक, १९६५ साली सुरू झालेली ‘चित्रलेखा’ ही फिल्म सोसायटी, लेखकाला दिग्दर्शकाच्या बरोबरीने मिळणारा मान, अशी ती पायाभरणी आहे. तेथे सर्व आलबेल आहे असेही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्या. हेमा समितीच्या अहवालाने त्या उद्योगातील स्त्रियांच्या वाट्याला येणारी वागणूक चव्हाट्यावर आणली. तरीही पडद्यावर आपले रोजचे जगणे मांडण्याची त्यांची सवय सुटलेली नाही, ही गोष्ट मान्य करावी लागते.

मराठी माणसाने येथे एक इतिहास आठवायला हवा. मल्याळम चित्रपटाला नवे वळण देणारे अडूर गोपालकृष्णन हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. ‘पिरवी’ (१९८९) या चित्रपटाने जगाचे लक्ष वेधणारे शाजी करुण हेही तेथलेच. ही संस्था १९६० साली उभी राहिली ती ‘प्रभात’च्या स्टुडिओच्या जागेवर. म्हणजे केरळच्या मातीचा आरसा घडवणाऱ्या हातांना पहिले वळण मिळाले ते ज्या आवारात ‘संत तुकाराम’ घडला तेथे!

आणि ‘संत तुकाराम’ (१९३६) म्हणजे तरी काय? दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाला १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव मिळाला, तो केवळ भक्तीच्या महिम्यामुळे नव्हे. विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा जितका खरा, तितकीच गौरीबाईंची जिजाई खरी. तिची म्हैस, तिची चूल, उपाशी लेकरे आणि विठ्ठलावरचा तिचा तो रोखठोक राग, हा सारा मराठी संसार होता. त्याही आधी, १९२५ साली, बाबुराव पेंटरांनी कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून शहरात गिरणी कामगार झालेला शेतकरी त्यांनी मूकपटाच्या काळात पडद्यावर आणला. भारतीय चित्रपट पुराणकथांत रमला होता, तेव्हा मराठी चित्रपट बांधावर उभा होता. पुढे आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ने (१९५३) राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवले, तेही कोकणातल्या एका गरीब घराची गोष्ट सांगून.

मग मध्येच काय बिनसले? विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मराठी पडद्यावरून गाव नाहीसे झाले. विनोदी चित्रपटांनी खळखळून हसवले, कौटुंबिक चित्रपटांनी भरपूर रडवले. त्यांचे ते श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण पात्रे कोणत्या जिल्ह्यात राहतात, काय पिकवतात, कोणत्या बोलीत भांडतात, हे सांगता येईना. बंगला होता, पण त्याला पत्ता नव्हता. हिंदी चित्रपटाची स्वस्त नक्कल करण्याच्या नादात आपण आपला चेहरा हरवून बसलो. २००४ साली आलेल्या ‘श्वास’ने कोकणातून पुण्याच्या रुग्णालयात आलेल्या आजोबा-नातवाची साधी गोष्ट सांगितली आणि ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मराठीकडे परत आला. त्यानंतर ‘टिंग्या’, ‘गाभ्रीचा पाऊस’, ‘जोगवा’, ‘किल्ला’ अशा चित्रपटांतून एकेक प्रदेश पडद्यावर आपली ओळख सांगू लागला.

या पुनरुज्जीवनात आपल्या सोलापूर जिल्ह्याचा वाटा किती मोठा आहे, याची आपल्यालाच पुरेशी जाणीव नसावी. पंढरपुरात जन्मलेल्या आणि सोलापुरात शिकलेल्या डॉ. जब्बार पटेलांचा ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. विजय तेंडुलकरांची लेखणी, निळू फुल्यांचा साखरसम्राट आणि डॉ. लागूंचा तो पिचलेला मास्तर. उसाच्या पट्ट्यात सत्ता कशी मुरते आणि एका गरीब माणसाचा जीव कसा सहज पचवला जातो, हे त्या चित्रपटाने ज्या धीटपणे सांगितले, तो धीटपणा आजही दुर्मीळ आहे. चाळीस वर्षांनी पंढरपूर पुन्हा पडद्यावर आले ते परेश मोकाशींच्या ‘एलिझाबेथ एकादशी’मधून (२०१४). वडिलांच्या माघारी विणकामाच्या यंत्रावर घर चालवणारी आई, ते यंत्र सोडवण्यासाठी यात्रेच्या गर्दीत दुकान मांडणारी मुले आणि त्यांची लाडकी सायकल. कार्तिकीला लाखो वारकरी येतात आणि जातात. त्या चार दिवसांच्या कमाईवर पंढरपुरातली कितीतरी घरे वर्षभराची गणिते मांडतात. पंढरीच्या माणसाचे हे जिणे वारीवरच्या शंभर भाषणांतून समजले नसते, ते त्या दोन मुलांनी समजावून दिले.

आणि करमाळा तालुका! जेऊर हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरील लहानसे स्थानक. तेथल्या नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६) हे दोन चित्रपट दिले. ‘सैराट’मध्ये उजनीचा फुगवटा दिसतो, उसाचे फड दिसतात, केळीच्या बागा दिसतात, करमाळ्याच्या कमलाभवानीच्या मंदिरातील पायऱ्यांची विहीर दिसते. नायिका ट्रॅक्टर चालवते आणि अकलूजची रिंकू राजगुरू आपल्या घरच्या बोलीत ठसक्यात बोलते. पुणेरी उच्चारांची झूल न पांघरता मराठी बोलता येते आणि त्या मराठीचे शंभर कोटींच्या घरात व्यापारी यशही मिळते, हे पहिल्यांदा सिद्ध झाले. ज्या बोलीपायी आपली मुले पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत ओशाळी होतात, तीच बोली साऱ्या महाराष्ट्राने वर्षभर हौसेने मिरवली.

येथपर्यंत सर्वांचे एकमत होते. खरा प्रश्न पुढे आहे आणि तो टाळून चालणार नाही. आपल्या परिचयाच्या अनेक सुशिक्षित, सुसंस्कृत कुटुंबांत या चित्रपटांविषयी नाराजीचा सूर ऐकू येतो. गावाची एवढी कुरूप बाजू दाखवायची गरज काय होती? शाळकरी मुलामुलींच्या मनांत नको ते भरवले गेले नाही का? अशा चित्रणाने समाजात फूट पडत नाही का? हे आक्षेप सरसकट खोटे ठरवण्यात अर्थ नाही. कोवळ्या वयातील प्रेमाचे चित्रण मुलांवर काय परिणाम करते, याची काळजी पालकांनी करायलाच हवी. ‘झिंगाट’च्या तालावर नाचताना चित्रपटाचा शेवट विसरणारी पिढी पाहून मंजुळे यांनाही समाधान वाटले नसेल. पण ‘समाजाची बदनामी’ हा आक्षेप मात्र नीट तपासून घ्यायला हवा.

‘फँड्री’ या शब्दाचा अर्थ कैकाडी बोलीत डुक्कर. गावातील डुकरे पकडण्याचे काम ज्यांच्या माथी मारले गेले आहे, अशा घरातला शाळकरी मुलगा जब्या हा त्याचा नायक. डुक्कर हाताशी आलेले असते, आणि नेमके त्याच वेळी शेजारच्या शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. ते कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभे राहते. डुक्कर निसटून जाते. सारा गाव ज्यांची टिंगल करतो, ज्यांना गाव आपले म्हणत नाही, ती माणसे राष्ट्रगीताचा मान राखण्यासाठी हातचे सोडतात. राष्ट्रभक्तीचा याहून मूक आणि याहून बोचरा पाठ कोणत्या चित्रपटाने दिला आहे? हे दृश्य पाहून बदनामी झाल्याचे कोणाला वाटत असेल, तर त्याने स्वतःलाच विचारावे की, बदनामी कोणाची झाली? त्या कुटुंबाची नक्कीच नाही. चित्रपटाच्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो, तो चुकवण्यापेक्षा झेलणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे.

समरसता हा आपल्या बोलण्यातला नेहमीचा शब्द. पण दुसऱ्याचे दुःख माहीतच नसेल, तर त्याच्याशी समरस व्हायचे कसे? एकाच गावात, एकाच यात्रेत, एकाच देवासमोर वावरूनही वेशीबाहेरच्या घरात संध्याकाळी काय बोलले जाते, हे वाड्यातल्या माणसाला ठाऊक नसते. हे अंतर व्याख्यानांनी कमी व्हायला पिढ्या लागतात. चांगला चित्रपट दोन तास का होईना, प्रेक्षकाला त्या घरात नेऊन बसवतो. समाजाच्या दोषांवर बोट ठेवणारा प्रत्येक जण समाजाचा शत्रू असतो, असे आपल्या परंपरेने कधीच मानलेले नाही. संतांनी दंभावर ओढलेले आसूड आपण आजही आदराने मस्तकी धरतो. संतांना जी मुभा दिली, ती कलावंताला नाकारण्याचे कारण नाही. समाजाचा द्वेष करण्यासाठी उगारलेले बोट आणि समाज सुधारावा म्हणून दाखवलेले व्रण यांत फरक असतो, आणि तो ओळखण्याइतका विवेक प्रेक्षकाकडे असायला हवा.

केरळचा अनुभवही हेच सांगतो. पहिल्या मल्याळम चित्रपटाची नायिका पी. के. रोझी दलित समाजातील होती. पडद्यावर तिने नायर कुटुंबातील स्त्री रंगवली, एवढ्यासाठी तिला गाव सोडून परागंदा व्हावे लागले. त्याच भूमीत आज स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी झिजणाऱ्या सुनेवर ‘द ग्रेट इंडियन किचन’ (२०२१) निघतो. त्या चित्रपटातील श्रद्धाविषयक चित्रण अनेकांना खटकले आणि त्यावर मतभेद होऊ शकतात. पण तुंबलेल्या मोरीचे ते सांडपाणी पाहून किती मराठी घरांत नवरे मंडळी चुळबुळ करू लागली, हे ज्याचे त्याने आठवावे. आरशात पाहण्याची सवय एका दिवसात लागत नाही. ती लागली की समाज दुबळा होत नाही, धीट होतो.

मातीपासून तोडलेल्या कथेचे काय होते, याचाही धडा ‘सैराट’नेच दिला. त्याची हिंदी आवृत्ती ‘धडक’ २०१८ साली उदयपूरच्या महालांच्या पार्श्वभूमीवर आली. कथा तीच, संगीतकार तेच. पण उसाच्या फडातून येणारी सत्ता गेली, बोली गेली, जातीचा काच बोथट झाला आणि उरली ती दोन देखण्या मुलांची प्रेमकहाणी.

आता थोडे आपल्या शहराविषयी. जिल्हा पडद्यावर आला, सोलापूर शहर मात्र अजून पुरते यायचे आहे. या शहराचा एक सुपुत्र, डॉ. द्वारकानाथ कोटणीस, १९४६ मध्येच व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाचा नायक झाला. पण ती कथा चीनच्या रणभूमीवरची होती आणि चित्रपट हिंदी होता. खुद्द सोलापूरची कथा कोण सांगणार? १८७७ साली उभ्या राहिलेल्या जुन्या गिरणीपासून सुरू झालेले ते गिरण्यांचे पर्व, भोंग्यावर चालणारी घरे, मग एकेक करून थंड पडलेल्या चिमण्या. तेलंगणातून येऊन मागावर चादर विणणारा पद्मशाली समाज, पाठीवर घर आणि हातात विड्यांचे सूप घेऊन मुले शिकवणाऱ्या आया. घरात तेलुगू, दारात कन्नड, बाजारात दख्खनी आणि शाळेत मराठी बोलणारे मूल. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांमागे लोटणारी गर्दी. मे १९३० मध्ये मार्शल लॉ सोसलेले आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना फासावर जाताना पाहिलेले हे शहर. एवढे द्रव्य एखाद्या मल्याळी लेखकाच्या हाती असते, तर त्याने एव्हाना दहा पटकथा लिहिल्या असत्या!

उशीर झाला आहे, पण संधी गेलेली नाही. गिरणीत पाळी केलेले, मागावर आयुष्य काढलेले लोक आज वृद्ध झाले आहेत. त्यांच्या आठवणी टिपून ठेवण्याचे काम कोणत्याही सरकारी अनुदानाशिवाय होऊ शकते. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. महाविद्यालयीन तरुणांनी आपल्या गल्लीतील एका विणकराची, एका विडी कामगार मावशीची दहा मिनिटांची चित्रफीत करावी. मंजुळे यांचीही सुरुवात ‘पिस्तुल्या’ या लघुपटाने झाली आणि त्यालाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गणेशोत्सव मंडळांनी एखाद्या रात्री ध्वनिवर्धकांच्या भिंतीऐवजी पडदा उभारावा आणि ‘सामना’ किंवा ‘एलिझाबेथ एकादशी’ दाखवून नंतर चर्चा घडवून आणावी. वाचनालयांनी महिन्यातून एकदा चित्रपट मंडळ भरवावे. मुंबईत ‘प्रभात चित्र मंडळ’ १९६८ पासून हे काम करत आले आहे, ते सोलापुरात अशक्य नाही.

आणि घराघरांतून एक गोष्ट व्हायला हवी. बहुपडदा चित्रगृहांनी मराठी चित्रपटांना सोयीची वेळ द्यावी म्हणून २०१५ साली सरकारला दंडुका उगारावा लागला. खेळ मिळाले तरी खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर दोष कोणाला द्यायचा? परभाषेतील सकस चित्रपटांचे कौतुक जरूर करावे, पण मराठी चित्रपट फुकट पाहायला मिळेपर्यंत थांबायचे आणि मग मराठीत चांगले काही निघत नाही, अशी खंत करायची, हा व्यवहार बरा नव्हे. मल्याळमला २०१३ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये. दर्जाने भाषेच्या प्राचीनतेवर मोहोर उमटते. ती जिवंत राहते ती बोलणाऱ्यांच्या ओठांवर आणि सांगणाऱ्यांच्या कथांत.

ज्या समाजाची गोष्ट त्याने स्वतः सांगितली नाही, त्याची गोष्ट कोणीतरी दुसरा, आपल्या सोयीने, आपल्या हेतूने सांगतो. सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे ज्यांनी ऐकले, ती पिढी अजून आपल्यात आहे. तिच्याजवळ बसून ऐकण्याची आणि ते पुढच्या पिढीच्या डोळ्यांसमोर उभे करण्याची जबाबदारी आपली आहे. ती आपण पार पाडली नाही, तर आपल्या नातवंडांना केरळच्या बेटांवरची घरे ओळखीची वाटतील आणि स्वतःच्या गावाचा पत्ता मात्र विचारावा लागेल.